पास झालेले बूट

"हे बूट हिचे नाहीत," मामा म्हणाले.

मुलीकडे त्यांनी पाहिलंही नव्हतं. तिनं काढून ठेवलेल्या बुटांपैकी एक उचलून, उलटा करून, त्यांनी तो दाराच्या उजेडात धरला होता. स्टुलावर बसलेली मुलगी एकदम ताठ झाली.

"माझेच आहेत."

"तुझ्याकडं आहेत. झिजवलेत दुसऱ्याच कुणीतरी." मामांनी टाचेच्या बाहेरच्या कडेवरून अंगठा फिरवला. "ही बाई पाय बाहेरून टाकते. तू आतून टाकतेस, दारातून आलीस तेव्हाच बघितलं. आणि तुझ्याहून एक नंबर लहान आहे ती."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी वहीत तारीख घालत होतो.

फलटणला मामांचं चपला-बुटांचं दुकान होतं. त्याआधी त्यांच्या वडिलांचं शिलाईचं दुकान तिथेच होतं आणि मामा लहानपणापासून उलट्या चपला बघत मोठे झाले होते. मी त्या वर्षी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन बसलो होतो. एमएस्सीचा प्रवेश हुकला होता, घरी बसून काय करायचं म्हणून दुकानात येत होतो. पळण्याचे बूट ठेवायची कल्पना माझीच. गावाबाहेर कालव्याच्या रस्त्यावर पोलीस भरतीच्या दोन-तीन अकॅडम्या होत्या आणि पहाटे शंभरेक मुलंमुली तिथून पळायची. मी त्यावर पुष्कळ वाचलं होतं. येणाऱ्या प्रत्येकाचे दोन्ही पाय मोजून मी वहीत लिहून ठेवत असे. मामा मला शास्त्रज्ञ म्हणत.

"चोरीचे न्हाईत," मुलगी म्हणाली.

"चोरीचे कोण म्हणतंय पोरी? चोरानं जरा बरे उचलले असते."

ती हसली नाही. थोड्या वेळानं मात्र तिनं सगळं सांगितलं. तिचं नाव सारिका गोरड. माण तालुक्यातली, मेंढपाळाच्या घरची. भोईटे मेजरांच्या अकॅडमीत राहत होती. मेजर सैन्यातून निवृत्त झालेले. अकॅडमीच्या पत्र्याच्या खोलीत एक रॅक होती. भरतीत लागलेली मुलगी जाताना आपले पळायचे बूट त्या रॅकवर ठेवून जायची आणि पुढच्या वर्षी जिच्यावर मेजरांची सगळ्यात जास्त भिस्त असेल तिला ते मिळायचे.

"या बुटांवर तिघी लागल्यात," सारिका म्हणाली. "एक मुंबईला आहे, दोघी पुण्याला. यंदा मेजरांनी मला दिले."

"तीन मुली, प्रत्येकी वर्षभर," मी म्हणालो. "रोज पाच किलोमीटर धरले तरी चार-पाच हजार किलोमीटर झाले. आतला फोम सातशे-आठशेतच दबतो, तो पुन्हा वर येत नाही. तू फळीवर पळतेस म्हण."

"फळीवर पळूनच तिघी लागल्या ना दादा?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. ज्या लागल्या नाहीत त्या रॅकवर बूट ठेवत नाहीत, त्यामुळे तो हिशेब अर्धाच राहतो. पण मी ते बोललो नाही. तेवढ्यात शाळेचे बूट घ्यायला एक कुटुंब आलं आणि मामा पुढे गेले.

"ग्राउंड कधी आहे?" मी विचारलं.

"एकोणीस दिवसांनी. साताऱ्याला."

शारीरिक चाचणीला सगळे ग्राउंडच म्हणत. शंभर मीटर, गोळाफेक आणि आठशे मीटर. आठशे मीटर दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत आलं तर पूर्ण गुण. मागच्या खेपेला सारिका तीन गुणांनी राहिली होती.

"आणि या वेळी राहिलीस तर?"

"दिवाळीनंतर मेंढरं कोकणात उतरतात. दोन वर्षं आबांनी मला मागं ठेवलं. आता म्हणालेत, यंदा न्हाई झालं तर काठी घ्यायची आन् चालायला लागायचं." ती हे अगदी सरळ सांगत होती, बसचं वेळापत्रक सांगावं तसं. "पुढची भरती कधी निघंल, कुणाला म्हाईत."

मी तिला उजवा पाय कागदावर ठेवायला सांगितला. अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. दोनशे त्रेचाळीस मिलिमीटर. डावा दोनशे एकोणचाळीस.

"दुखतं का कुठे?"

"दुखतंय की. महिना झाला. पळायला लागलं की दुखतंय."

"कुठे? दाखव."

तिनं सलवार थोडी वर सरकवली आणि नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या वर चार बोटं, बोट ठेवलं. मी ते लिहून घेतलं. बूट लहान, फोम मेलेला, झीज दुसऱ्याच चालीची. कारण आणि परिणाम एकाच पानावर मावत होते. असं क्वचित होतं.

"संध्याकाळी ये," मी म्हणालो. "आत्ता बूट घ्यायचे नाहीत."

"आत्ता आले ना दुकानात?"

"सकाळी पाय लहान असतो. दिवसभर उभं राहून, पळून तो थोडा वाढतो. पळतेस ते मोजे घेऊन ये."

ती मामांकडे बघायला लागली. मामा एका लहान मुलाच्या टाचेत बूट बसवत होते. तिकडूनच म्हणाले, "ये संध्याकाळी. हा न घेता जा म्हणतो, तरी गिऱ्हाईक परत येतं. मला आजवर जमलं नाही ते."

संध्याकाळी ती खरंच आली. मी पाच जोड काढून ठेवले होते. एकेक घालून तिला दुकानासमोरच्या रस्त्यावर पन्नास पावलं पळायला लावलं. अंगठ्यापुढे एक अंगठा मावेल एवढी जागा. टाच वर सरकायला नको. बूट बोटांच्या सांध्याशी वाकायला हवा, मध्येच नाही. मी प्रत्येक जोडाला या तिन्ही गोष्टींचे गुण देत होतो. चौथ्या जोडाला सगळ्यात जास्त मिळाले.

मामा खुर्चीतून बघत होते. "बूट घातल्यावर बुटाकडं काय बघतोस?" ते मला म्हणाले. "तोंडाकडं बघ."

सारिका तिसरा जोड घालून पळत येत होती. निळा, साधा, गुणांत दुसरा.

"हा," ती म्हणाली.

"चौथा जास्त..."

"हा," मामा म्हणाले.

तिनं निळे बूट घेतले. जुने पिशवीत घालताना तिनं ते आधी फडक्यानं पुसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी भोईटे मेजर स्वतः आले. साठीच्या आसपासचे, काठीसारखे सरळ. दुकानात शिरताना त्यांनी चपला बाहेर काढल्या. चपलांच्या दुकानात असं कुणी करत नाही.

"शास्त्रज्ञ कोण?"

मामांनी माझ्याकडे बोट केलं आणि पेपर उघडला.

"माझ्या पोरीला तुम्ही सांगितलंत, हे बूट मेलेत."

"फोम मेलाय म्हणालो."

"तेच ते. कालपासून बाकीच्या बारा पोरी रॅककडं बघून कुजबुजायला लागल्यात. तुम्हाला कळतंय का, तो बूट पायात आला की पोरगी अर्धी लढाई जिंकते? पळणं पायात नसतं, इथं असतं." त्यांनी कपाळाला बोट लावलं.

"पण तिचा पाय दुखतोय, मेजर."

"पळणाऱ्याचा दुखणारच. बसलेल्याचा दुखत नाही."

मी त्यांना बुटाचा उभा छेद काढून दाखवला, वहीत. फोम किती जाड असतो, किती उरलाय, प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोर पायावर कसा येतो. मेजरांनी शांतपणे ऐकलं. त्यांना आकडे आवडत असावेत.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "शनिवारी मी टाइम घेतो. जुन्या बुटांवर तिचा टाइम दोन चोपन्न आहे. नव्यावर एक सेकंद जरी वाढला तर जुने घालायचे."

शनिवारी मीही कालव्यावर गेलो. सारिकानं दोन एकावन्न लावले. मेजरांनी घड्याळ मला दाखवलं. सोमवारी अकॅडमीतल्या चार मुली संध्याकाळी, पळायचे मोजे घेऊन, दुकानात आल्या.

सारिका स्वतः बुधवारी आली, नाडी तुटली म्हणून.

"बूट कसा आहे?" मी विचारलं.

"एकदम भारी. कापसावर पळल्यागत वाटतंय."

"रोज किती पळतेस आता?"

"आधी चार फेऱ्या मारत होते, आता सहा. मेजर म्हणाले, बूट साथ देतोय तर घे वाढवून."

मी लिहिलं: आठवा दिवस. बूट उत्तम. फेऱ्या चारच्या सहा. एका आठवड्यात अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, हे मी वाचलेलं होतं. इथे ते पन्नास टक्क्यांनी वाढलं होतं. पण वेळ कमी होत होती, आणि मी त्या दोन आकड्यांपैकी वेळेच्या आकड्याखाली रेघ मारली.

ती गेल्यावर मामा म्हणाले, "पायरी उतरताना ती उजवा पाय आधी खाली टाकते. प्रत्येक पायरीला."

दुकानाला तीन पायऱ्या होत्या.

"प्रत्येकाचा एक पाय पुढे असतो मामा. उजव्या हातानं लिहितो तसं."

"असंल," मामा म्हणाले. "गेल्या आठवड्यात आली तेव्हा आलटून पालटून पाय टाकत उतरली होती."

चौदाव्या दिवशी ती पुन्हा आली. या वेळी काम काही नव्हतं, बाजारात आली होती म्हणून डोकावली. दोन एकोणपन्नास झाले होते. मी वहीत तिच्या वेळांचा आलेख काढला होता, तो तिला दाखवला. रेघ छान खाली उतरत होती.

"ही मी?" ती म्हणाली.

"ही तू. बूट कसा आहे?"

ती क्षणभर आलेखाकडे बघत राहिली. "बूट चांगलाय दादा."

मी ते लिहिलं.

ग्राउंडच्या दिवशी मी पहिल्या बसनं साताऱ्याला गेलो. मामांनी नको म्हटलं नाही. उमेदवारांशिवाय कुणाला आत सोडत नव्हते. कुंपणाच्या जाळीबाहेर बाप, भाऊ, अकॅडमीवाले असे पन्नास-साठ जण उभे होते. भोईटे मेजर मला बघून थोडे सरकले आणि जाळीला लागून जागा करून दिली.

शंभर मीटर नीट झाले. गोळा तिनं नेहमीपेक्षा लांब टाकला. मेजर बोटांवर गुण मोजत होते. "आता फक्त आठशे," ते म्हणाले. "अडीच-पावणेतीन मिनिटांचं काम."

शिट्टी झाली आणि मी घड्याळ सुरू केलं. निळे बूट लांबूनही ओळखू येत होते. पहिली फेरी एक बावीस. अगदी जितकी हवी तितकी. दुसऱ्या फेरीत समोरच्या बाजूला ती तिसरी होती, मग दुसरी झाली. शेवटचं वळण घेतलं.

ती पडली नाही. थांबली. उजवा पाय उचलून एका पायावर उभी राहिली, जसा कुणी चपलेतला खडा काढायला उभा राहतो. मग तिनं तो पाय टेकवून बघितला आणि खाली बसली. मागच्या मुली तिला वळसा घालून पुढे गेल्या.

"ऊठ," मेजर म्हणाले. फार मोठ्यानं नाही. दुसऱ्यांदा तेही नाही.

आतल्या शिपायांनी तिला उचलून फाटकापर्यंत आणलं. तिथून मेजरांनी तिला स्वतः उचललं आणि रिक्षात बसवलं. तिच्या पायात बूट तसेच होते. मी काढायला गेलो तर ती म्हणाली, "राहू द्या."

दवाखान्यात डॉक्टर तरुण होत्या, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी एक्स-रेच्या आधी सारिकाला विचारलं, "हे आज अचानक झालं, की आधीपासून दुखत होतं?"

"आधीपास्नं. दीड महिना झाला."

"नेमकं कुठे?"

सारिकानं बोट ठेवलं. घोट्याच्या वर चार बोटं, आतल्या बाजूला.

डॉक्टरांनी मान हलवली, जणू एक्स-रे बघूनच झाला. "कसं असतं," त्या मेजरांना म्हणाल्या, कारण वयानं मोठे तेच होते, "स्नायू दुखत असला तर माणूस असा सगळा पंजा फिरवून दाखवतो. सबंध नडगी दुखते त्याची. हाड दुखत असलं तर तो एक बोट ठेवतो. हाडाला आधी केसाएवढी चीर पडते. तेव्हा पळणं बंद ठेवलं तर सहा-आठ आठवड्यांत भरून येते. ही त्यावर पळत राहिली." मग सारिकाकडे वळून त्यांनी विचारलं, "आधी कुणाला दाखवलं होतंस का?"

सारिकानं माझ्याकडे बघितलं नाही.

"न्हाई," ती म्हणाली.

मी बाहेर बाकावर येऊन बसलो. खिशात काहीतरी टोचत होतं म्हणून हात घातला, तर घड्याळ. चालूच होतं. एक तास सत्तेचाळीस मिनिटं झाली होती. मी ते बंद केलं आणि पिशवीतून वही काढली. पहिलंच पान होतं तिचं. उजवा २४३, डावा २३९. उजव्या अंगठ्याचं नख काळं. त्याखाली माझ्या बारीक अक्षरात: वेदना, उजवी नडगी, आतून, घोट्याच्या वर चार बोटं, जागा एका बोटानं दाखवली.

'एका बोटानं' हे शब्द कुणी मला लिहायला सांगितले नव्हते. दिसलं ते मी लिहिलं होतं. त्यानंतरच्या पानांवर आठव्या दिवसाची नोंद होती, चौदाव्या दिवसाची होती, आलेख होता. पायाबद्दल त्यात पुन्हा एकही ओळ नव्हती.

प्लास्टर घातल्यावर मेजर औषधं आणायला गेले, तेव्हा मी आत गेलो.

"दुखत होतं, तर मला सांगितलं का नाहीस?"

ती थकली होती. डोळे मिटूनच बोलली. "तुम्ही बुटाचं विचारत होता, दादा. बूट चांगलाच होता."

पुढची भरती निघायला अडीच वर्षं लागली. मधल्या काळात मी एमएस्सीचा फॉर्म भरला नाही. पाय बघायला दुकानाची मागची खोली रिकामी करून घेतली. भोईटे मेजरांच्या अकॅडमीतून मुली येत राहिल्या. मामांनी पायऱ्यांवर पाहिलेलं मी मेजरांना सांगितलं होतं; सोबत कधीकधी ते चिठ्ठी पाठवत, बुटांबद्दल एक अक्षर नसायचं तिच्यात. 'हिला जिना उतरताना बघणे,' एवढंच लिहिलेलं असे. अशा चिठ्ठीच्या मुलीला मी बूट दाखवत नसे. तिला आधी डॉक्टरांकडे पाठवत असे.

सारिका आली ती एका दुपारी, न सांगता. चेहरा रापला होता, खांदे रुंद झाले होते. मामांच्या पाया पडली.

"लागले," ती म्हणाली. "सोमवारी ट्रेनिंगला जायचंय."

मामांनी पेढे आणायला माणूस पाठवला. मग ती सांगत बसली. प्लास्टर निघालं, मावशीकडे दोन महिने काढले, मग काठी घेतली. फलटणच्या कालव्यावर जेवढी पळाली नसेल त्याच्या कितीतरी पट मेंढरांमागं चालली. घाट उतरून कोकणात आणि परत वर.

"मेजरांनी पळवून मोडला," ती म्हणाली, "मेंढरांनी चालवून नीट केला."

"मेजरांना हे सांगितलंस का?" मामांनी विचारलं.

"सांगितलं की. ते म्हणाले, मेंढरांना पगार द्यायला पायजे."

मग तिनं पिशवी माझ्यापुढे ठेवली. आत निळे बूट होते. भरतीच्या सरावाला पुन्हा तेच घातले होते तिनं. कडा झिजल्या होत्या. आतून, दोन्ही बुटांच्या सारख्या.

"पोरी म्हणत्यात, रॅकवर ठेव. मेजर काही म्हणाले न्हाईत. मी न्हाई ठेवणार."

"का?"

"सहा नंबरचा बूट आहे. पाच नंबरवाली कुणीतरी दोन मोजे चढवून पळंल." तिनं बूट मामांपुढे सरकवला. "मामा, रापी आहे ना तुमची?"

मामांच्या वडिलांची चामडं कापायची रापी खणात असायची, अजूनही धार लावलेली. मामांनी एकदा सारिकाकडे पाहून खात्री केली आणि बूट मांडीवर घेतला. टाचेपासून बोटांपर्यंत, मधोमध, त्यांनी तो उभा कापला. टाचेखाली फोम दोन बोटं जाड असतो, तो जेमतेम एक बोट उरला होता. तो अर्धा बूट आजही माझ्या टेबलावर आहे. जुन्या बुटांवर हटून बसणाऱ्यांना मी तोच दाखवतो.

सारिका त्या कापाकडे वाकून बघत होती. "तुम्ही वहीत काढलं होतं, तसंच दिसतंय," ती म्हणाली.

मी वही काढली. नवी वही होती ती, पण तारीख घातली.

"पाय कसा आहे?" मी विचारलं.

तिनं मान वर केली. मग उजवा पाय स्टुलावर ठेवला, सलवार वर सरकवली आणि नडगीवरून, गुडघ्याखालपासून घोट्यापर्यंत, सबंध तळहात फिरवला.

"थंडीत जरा ठणकतो," ती म्हणाली. "लिहा."